दोघांपुरता रथ

शब्दकोशाच्या कचेरीत तिचं टेबल 'र'चं. तिथला नियम सरळ होता... एका शब्दाला एक आठवडा, शनिवारी कार्डावर सही, की खण बंद. त्या आठवड्यात 'रथ' होता, आणि सोमवारीच एक सुतार दारात उभा राहिला. केसांत भुसा, खिशात फूटपट्टी.

"संग्रहालयासाठी रथ करतोय. रथ म्हणजे नेमकं काय?"

"घोडे जुंपलेलं, चाकांचं, लढाईचं किंवा शर्यतीचं जुनं वाहन."

"एवढं मलाही ठाऊक आहे. शब्द आला कुठून?"

तिने कार्ड वाचलं. "कुणी म्हणतं, वेगाने जाण्यावरून. कुणी चाकाच्या जुन्या शब्दाशी नातं जोडतं. आणि एक जुनं मत असं, की ज्यात माणूस रमून उभा राहतो, तो रथ."

"रमून... एकटाच?"

"ते लिहिलेलं नाही."

"मग तळ किती रुंद ठेवू?"

मंगळवारी तो चाकाचे आरे विचारायला आला, बुधवारी जू. यातलं काहीच कोशाच्या कचेरीत विचारायची गरज नव्हती. हे दोघांनाही कळत होतं.

गुरुवारी त्याने तिच्या टेबलापुढे खडूने चौकोन आखला. "सारथी मी. लढणाऱ्या तुम्ही. या बघू उभ्या."

ती उभी राहिली. कोपराला कोपर लागलं.

"जरा सरका की –" ती म्हणाली.

"कुठे सरकू? रेघ संपली."

त्या दिवशी तिने शिपायाला बजावलं, तिथं झाडू मारायचा नाही.

शनिवारी दुपार झाली, तरी तो आला नाही. सही केली की त्याला यायला निमित्तच उरणार नव्हतं. पण काम ते काम. तिने सही केली, खण लावला.

चार वाजता तो आला, बोटांना सरस चिकटलेला.

"झाली सही?"

"झाली. आता विचारण्यासारखं काही उरलं नाही."

"एक उरलंय. तळाला माप गुरुवारचंच घेतलं... तुमच्या कोपरापासून माझ्या कोपरापर्यंत. संग्रहालयवाले म्हणतात, अरुंद झालाय, वाढवा." तो खाली बघत म्हणाला, "वाढवू?"

खाली खडूच्या रेघा तशाच होत्या. ती टेबलामागून आली आणि चौकोनात जाऊन उभी राहिली.

"बोटभरही नको," ती म्हणाली. "आणि तुम्ही बाहेर का उभे?"