खरंच लिहिलेली लांबी

आमच्या घरात दुपारी चारच्या चहाबरोबर कोड मोठ्याने वाचला जायचा. मी लिहिलेला ही वाचायची, हिनं लिहिलेला मी. ज्यानं लिहिलं त्यानं नुसतं ऐकायचं. ठीक असलं तर "हं, पुढे" म्हणायचं, खटकलं तर "थांब". ऑफिसात सगळे डोळ्यांनीच तपासतात. हिचं म्हणणं, डोळे लबाड असतात, हवं तेवढंच बघतात. जिभेला प्रत्येक अक्षरावरून जावं लागतं.

सव्वीस वर्षं हे चाललं. आमचं काम ड्रायव्हरचं, म्हणजे डिस्कवर फायली नीट ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचं. एखाद्या वहीला शंभर पानं असतात, पण लिहिलेली तीसच. ड्रायव्हरला दोन्ही आकडे लक्षात ठेवावे लागतात: जागा किती राखली आणि खरंच लिहिलं किती. ते एकमेकांत मिसळले, की कोऱ्या पानांवर आधी पुसलेलं कुणाचंतरी लिखाण दिसायला लागतं.

हिनं कोडमध्ये केलेल्या शेवटच्या बदलात नेमके तेच मिसळले गेले. त्या दिवशी ती दवाखान्यातून परत आली होती. उशीला टेकून म्हणाली, "वाच." मी स्क्रीनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "वाचलाय मी. चांगला आहे. तू झोप." वाचला नव्हता. माझ्या मंजुरीवर तो पुढे गेला. सातव्या दिवशी ही गेली.

आठ महिन्यांनी एका दवाखान्याची तक्रार आली. एका रुग्णाच्या अहवालाच्या शेवटी दुसऱ्याच रुग्णाच्या ओळी येत होत्या. चूक धाकटीनं शोधली. ही तिला धाकटी म्हणायची म्हणून सगळं ऑफिस म्हणतं. ती हिला ताई म्हणायची, म्हणून मी भाऊजी.

"भाऊजी, दुरुस्ती लिहिलीय. तपासायची तुम्हीच," ती फोनवर म्हणाली. "दुसऱ्या कुणाला दिलं तर ताई वरून माझा कान पिरगाळतील."

"कधीपर्यंत?"

"गुरुवार. दवाखानेवाले थांबायला तयार नाहीत." मग जरा अडखळून म्हणाली, "आणि एक सांगायचं होतं. नवा ड्रायव्हर डिस्क पहिल्यांदा जोडतानाच सगळ्या फायलींची लांबी दुरुस्त करतो. जास्तीचं शेपूट छाटून टाकतो."

"बरोबरच आहे ते," मी म्हणालो.

चाचणीसाठी मी हिची जुनी डिस्क काढली. तिच्यावर एक ध्वनिमुद्रण आहे, अकरा मिनिटांचं. हिनं एकदा आमचं वाचनच नोंदवून ठेवलं होतं. मी वाचतोय, ही "हं, पुढे" म्हणतेय, मध्येच कप बशीवर ठेवल्याचा आवाज. लोकांकडे लग्नाचे व्हिडिओ असतात. माझ्याकडे हिचा आवाज एवढाच.

सोमवारी दुपारी जुन्याच ड्रायव्हरवर डिस्क जोडून ठेवली आणि धाकटीचा बदल मोठ्याने वाचायला बसलो. समोरची खुर्ची रिकामी. पहिला भाग संपायला आठ मिनिटं लागली. उठताना सहज ध्वनिमुद्रणाच्या फायलीकडे पाहिलं. एकोणीस मिनिटं.

नवल वाटलं नाही. चूक हीच तर होती. मागे उरलेला कचरा लांबीत धरला जात होता. कसला कचरा आहे ते बघावं म्हणून लावलं. अकरा मिनिटं नेहमीचीच. मग थोडी खरखर.

मग माझा आवाज. त्या दुपारचा. धाकटीच्या बदलाची पहिली ओळ वाचणारा, मध्ये खोकणारा.

"हं, पुढे," ही म्हणाली.

माझ्या संगणकाला मायक्रोफोन नाही. मी मागची तार ओढून पाहिली, टेबलाखाली वाकून पाहिलं. मग फायलीची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली. नक्कल अकरा मिनिटांची निघाली. पुन्हा घेतली. अकराच.

मंगळवारी मी दुसरा भाग वाचला. खरं सांगायचं तर हळू वाचला. दोन कप चहा केला, दुसरा तसाच निवला. फाइल चौतीस मिनिटांची झाली. ऐकताना हसू आलं. एका ओळीवर माझी जीभ अडखळली होती आणि ही नेहमीसारखी नाकातून हसली होती. त्या आठ महिन्यांत मला इतकं घरात असल्यासारखं वाटलं नव्हतं.

बुधवारी शेवटचा भाग. जिथं हिची चूक होती आणि धाकटीनं खोडली होती, तिथं पोचलो. खोडलेल्या ओळीही वाचायच्या, हा आमचा नियम. वाचल्या.

ऐकलं तेव्हा त्या ओळींनंतर "हं" नव्हतं. बराच वेळ काहीच नव्हतं.

मग ही म्हणाली, "थांब."

आणि जरा वेळानं, अगदी शांतपणे, "हे तू त्या दिवशी वाचलंच नव्हतंस."

मी हेडफोन काढून ठेवले. खिडकीबाहेर दुपारचं ऊन तसंच होतं. शेजारी कुणीतरी गालिचा झटकत होतं.

मंजुरी दिली तर नवा ड्रायव्हर सगळीकडे चढणार आणि ही छाटली जाणार. नाही दिली तर कुणाच्यातरी अहवालात दुसऱ्याचा आजार छापला जाणार. एकदा हिच्यासाठी मी न वाचता सही केली होती. आता हिच्यासाठीच वाचूनही सही अडवायची, एवढंच करायचं राहिलं होतं. ते हिनं चालवून घेतलं नसतं.

गुरुवारी डिस्क घेऊन ऑफिसात गेलो.

"मंजूर," मी धाकटीला म्हणालो. "पण पहिली ही डिस्क जोड. माझ्यासमोर."

तिनं माझ्याकडे पाहिलं. नवा ड्रायव्हर चढवला, डिस्क जोडली. मी आकडा बघायला तयार होतो. अकरा.

आकडा आला, बावन्न मिनिटं.

"छाटलं नाही?" मी विचारलं.

तिनं दोनदा तपासलं. मग खुर्ची पुढे ओढून तिसऱ्यांदा. "ड्रायव्हर बरोबर चाललाय, भाऊजी. बाकीच्या सगळ्या फायली दुरुस्त झाल्यात. ही फाइल लांबच आहे. यातलं सगळं खरंच लिहिलेलं आहे." ती थांबली. "आणि अजून वाढतेय. तुम्ही काही चालू ठेवलंय का यावर?"

"नाही. तू?"

"दुरुस्ती झाली तशी मी तर डिस्क नुसती वाचण्यापुरती ठेवलीय. लिहिताच येणार नाही कुणाला."

ती बोलत होती तसे सेकंद पुढे सरकत होते. तिच्याही ते लक्षात आलं. ती मध्येच गप्प झाली. मीही.

आकडा थांबला.

आम्ही तसेच बसून राहिलो. तिनं श्वासही रोखला होता.

मग आम्ही दोघंही गप्प असताना आकडा पुन्हा चालू लागला.