दोघी एकच का?

वन्सं घरात आल्या की मी चिमणीला मुद्दाम मोठ्यानं सांगायचे, "चिमणे, पाहुण्यांना पाणी दे गं." चिमणी म्हणजे माझी मुलगी, पहिलीतली. दोन्ही हातांनी पेला धरून, जिभेचं टोक बाहेर काढून, एक थेंब न सांडता ती चालत यायची. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. 'पाहुण्यांना' हा शब्द त्या पाण्याबरोबर गिळायच्या. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

वन्सं मागच्याच गल्लीत राहतात. स्वतःचं मूल नाही, आणि माझं दिसलं की लगेच हात पुढे. मी घातलेली वेणी सोडून पुन्हा घालणार, डबा उघडून "हे आवडत नाही तिला" असं मलाच ऐकवणार. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभी. चिमणीला शाळेतून आणायच्या त्याच. त्यामुळे माझ्या तोंडाला कुलूप. पण एक दिवस ही बाई माझी पोर नेणार, ही धास्ती मनातून कधी गेली नाही.

नवऱ्यानं जुन्या कॅमेऱ्यातले, बंद पडलेल्या फोनमधले सगळे फोटो घरच्या कॉम्प्युटरवर आणून ओतले आणि ते लावायचं काम माझ्या गळ्यात मारलं. त्यातला प्रोग्रॅम चेहरे ओळखून एकेका माणसाचा गठ्ठा करायचा. आपण फक्त नावं द्यायची. अडला की दोन चेहरे शेजारी ठेवून विचारायचा, 'ही एकच व्यक्ती आहे का?' खाली 'हो' आणि 'नाही'.

एका सुट्टीच्या दुपारी त्यानं विचारलं. डावीकडे मी, उजवीकडे वन्सं.

मला हसू आलं. हा प्रश्न विचारायचा, तोही चष्मेवालीला! माझ्या दोन बुबुळांमधलं अंतर अठ्ठावन्न मिलिमीटर, वन्संचं चौसष्ट. त्यांचा चष्मा मीच बनवलाय. मोठ्या माणसाचं हे अंतर बदलत नाही, कितीही जाड झालं तरी. मी 'नाही' दाबलं.

पुन्हा आम्ही दोघी, वेगळ्या फोटोंतल्या. 'नाही.' पुन्हा दोघी. बाहेर वन्सं चिमणीला भरवत होत्या आणि ती खिदळत होती. माझ्याबरोबर ती तशी कधी खिदळत नाही. माझं डोकं फिरलं.

"आहे बाई, एकच आहे! सोड पाठ!" म्हणत मी 'हो' दाबलं.

प्रश्न थांबले. माझ्या नावाचा गठ्ठा मात्र नाहीसा झाला. माझे सगळे फोटो वन्संच्या गठ्ठ्यात जाऊन बसले होते.

"त्यात काय, वेगळे करता येतात की," म्हणत नवरा खुर्चीत बसला. बराच वेळ फोटो खालीवर करत राहिला. मग म्हणाला, "यातली तू कुठली?"

"डोळे फुटले का तुझे?"

तो चेष्टेखोर आहे, पण हसत नव्हता. मी वाकून पाहिलं. चिमणी जन्मली त्या सकाळचा फोटो. दवाखान्याचा निळा झगा माझा, सलाइनची पट्टी लावलेला हात माझा, छातीवरचं इवलं गाठोडं माझं. चेहरा वन्संचा.

"वन्सं त्या दिवशी दवाखान्यात कुठे होत्या?" मी विचारलं.

"कुठे होती म्हणजे?" तो म्हणाला, आणि माझ्याकडे जरा जपूनच बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुकानात माझं कपाळ ठणकत होतं. माझ्याच चष्म्यातून अक्षरं ओढल्यासारखी दिसत होती. मालकांनी मला समोर बसवून डोळ्यांपुढे मोजपट्टी धरली.

"चौसष्ट," ते म्हणाले. "काचा अठ्ठावन्नच्या घालून फिरतेस, आणि गिऱ्हाइकांना शहाणपण शिकवतेस?"

मी पट्टी ओढून घेतली आणि आरशात स्वतः मोजलं. पुन्हा मोजलं.

चौसष्ट.

मी तशीच घरी निघाले. भर दुपारी. माझी किल्ली कुलपात फिरेना. दार वन्संनी उघडलं. माझा घरातला गाऊन, माझी केसांची पिन.

"या ना, वन्सं," त्या म्हणाल्या, आणि गॅसवरचं बघायला आत गेल्या.

मी सरळ कॉम्प्युटरपाशी गेले. माझा चेहरा असलेला एकच फोटो उरला होता. त्यात मी दारात उभी होते, चिमणीकडे हात पुढे करून. असा फोटो कुणी कधी काढल्याचं मला आठवत नव्हतं.

पडद्यावर प्रश्न आला. डावीकडे निळ्या झग्यातली. उजवीकडे दारातली.

'ही एकच व्यक्ती आहे का?'

"नाही!" मी ओरडले, आणि 'नाही' दाबलं. जीव खाऊन दाबलं.

'धन्यवाद. बदल जतन झाला.'

दोन गठ्ठे झाले. मोठ्याखाली लिहिलं होतं, आई. दुसऱ्यात तो एकच फोटो. आत्या.

मी बटणं बडवली. प्रश्न पुन्हा आला नाही.

स्वयंपाकघरातून आवाज आला, मुद्दाम मोठा.

"चिमणे, पाहुण्यांना पाणी दे गं."

ती आली. दोन्ही हातांनी पेला धरून, जिभेचं टोक बाहेर काढून.

"आत्या, पाणी."

मी हात पुढे केले. चिमणीनं आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं.