फुलपाखरी सुरीचे रविवार

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं आणि दोन सेकंदांत जमिनीवर आडवं केलं.

यात तिचा दोष म्हणाल तर थोडा, बाकीचा तिच्या काळ्या पट्ट्याचा. रविवारचा सकाळचा कराटेचा वर्ग संपवून ती खाली उतरली होती आणि किल्ल्या वर राहिल्या म्हणून परत जिना चढून आली होती. दारातून बघते तर काय — एक उंच, किडकिडीत तरुण पाठमोरा उभा, समोर भिंतीला टेकलेले एक टक्कल पडलेले गृहस्थ, आणि तरुणाच्या हातात लखलखणारं पातं! विचार नंतर आला. त्याआधी तिने त्याचं मनगट पिरगळलं होतं, सुरी खणकन खाली पडली होती आणि तो गादीवर पालथा झाला होता.

"सुरीला धार नाहीये हो..." गादीत नाक खुपसलेल्या अवस्थेत तो म्हणाला. "हात मात्र खरा आहे. सोडता का?"

टक्कल पडलेले गृहस्थ चक्क टाळ्या वाजवत होते. "वा! आठ वर्षं ज्युदो केलं मी, पण इतकं स्वच्छ काम नाही पाहिलं!"

तिने सुरी उचलून बघितली. बोथट, पात्याला ओळीने भोकं पाडलेली. दोन दांड्या, त्या उघडमीट व्हायच्या आणि मधून पातं डोकवायचं. फुलपाखरी सुरी! रविवारी इथे जमणारी मंडळी ती बोटांवर नुसती नाचवायची, कुणाला मारण्याबिरण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. हॉल तिच्या वडिलांचा. वर्ग संपल्यावरचा दीड तास त्यांनी 'हस्तकौशल्य मंडळा'ला दिला होता, आणि ही माणसं कागदाची फुलं करतात अशी त्यांची भाबडी समजूत होती.

"मला... मला वाटलं तुम्ही यांच्यावर..." ती लाजेने लाल झाली.

"यांच्यावर? हे दातांचे डॉक्टर आहेत. लोक यांना घाबरतात." तो उठून बसला आणि मनगटाकडे बघून त्याचा चेहरा उतरला. मनगट टम्म फुगलं होतं.

चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं त्याचं काम. ते डाव्या हाताने कसंबसं निभलं असतं. पण मंडळाचा वार्षिक मेळावा पाच आठवड्यांवर आला होता आणि त्यात पहिला खेळ त्याचा होता. तिने बर्फ आणला, पट्टी बांधली आणि बांधता बांधता इतक्यांदा माफी मागितली की शेवटी त्यालाच अवघडल्यासारखं झालं.

तोवर बाकीचे जमले. मंडळात नवा माणूस आला की त्याला पहिला प्रश्न ठरलेला — मार्शल आर्ट्सचं काय काय केलंय? तो तिलाही विचारला गेला. डॉक्टर ज्युदोवाले, बसचे निवृत्त ड्रायव्हरकाका बॉक्सिंगवाले, बेकरीवाल्या मावशी तरुणपणी तलवारबाजी केलेल्या.

"आणि तुम्ही?" तिने पट्टीची गाठ मारत विचारलं.

"मी? मी काहीच नाही. नखं खायचो. आई म्हणाली, हाताला काहीतरी उद्योग दे."

ती खळखळून हसली. किती दिवसांनी हसली, तिचं तिलाच आठवेना. काळा पट्टा म्हटलं की मुलं दोन पावलं मागे सरकत. आत्याने आणलेली दोन स्थळं तर चहाचा कप तसाच ठेवून उठली होती. हा मात्र तिच्याकडून मनगट पिरगळून घेऊनही समोर मांडी घालून बसला होता.

"हसू नका. भरपाई द्या," तो म्हणाला. "माझा खेळ तुम्ही करायचा. शिकवतो मी."

"मी? पाच आठवड्यांत?"

"चार रविवार आहेत. आणि... मला रविवारी दुसरं काही काम नसतं."

तर असे ते रविवार सुरू झाले. खिडकीतून तिरपं ऊन गादीवर पडायचं, हॉलभर खट्-खट्-खटाखट् असा आवाज चालायचा आणि त्याच्या शर्टाला मशीनच्या तेलाचा मंद वास यायचा. तिला तो वास आवडतो हे तिने स्वतःपाशी कबूल केलं नव्हतं. एवढंच की, त्या दिवशी ती वेणी दोनदा घालायची.

पण शिकणं काही पुढे सरकेना. मंडळाचा पहिला नियम होता — सुरी हातातून सुटली की सुटू द्यायची. हात वर, पाय मागे. आणि तिला सातव्या वर्षापासून नेमकं उलटं शिकवलेलं — हत्यार सोडायचं नाही, काय वाट्टेल ते होवो! त्यामुळे सुरी निसटली की ती झडप घालायची. हाताने, गुडघ्याने, एकदा तर हनुवटीखाली दाबून धरली.

"अहो, सोडा तिला! धारेची असती तर?" तो कळवळून ओरडला.

"हात ऐकत नाही हो माझा."

"आणि माझ्याकडे काय बघता? सुरीकडे बघा."

"तुमच्याकडे नाही, खांद्याकडे बघतेय. समोरचा काय करणार ते खांदा आधी सांगतो."

"असं? मग काय सांगतोय माझा खांदा?"

"...तुम्ही एक पाऊल पुढे येणार, असं सांगतोय."

आणि तो आला. बरोबर एक पाऊल. बेकरीवाल्या मावशींनी जोरात खाकरून डॉक्टरांना खिडकीबाहेरचं काहीतरी दाखवलं, जिथे दाखवण्यासारखं काहीही नव्हतं.

तिसऱ्या रविवारी सुरी सुटली तेव्हा ती पहिल्यांदा मागे सरकली. सुरी गादीवर पडली, दोघं तिच्याकडे बघत राहिली, आणि तो आनंदाने ओरडला, "जमलं तुला!" मग जीभ चावून म्हणाला, "म्हणजे... तुम्हाला."

"तुला चालेल," ती म्हणाली. आवाज आपलाच होता का, अशी तिला शंका आली.

चौथ्या रविवारी घोटाळा झाला. खेळ जवळजवळ बसला होता. सुरी तिच्या बोटांवरून फिरून मनगटामागे गेली, हवेत उडाली, हातात उतरली... आणि दारात तिचे वडील उभे होते. ते कराटे शिकवायचे, म्हणून अख्खं गाव त्यांना सर म्हणायचं. उंची बेताचीच, पण ते आले की माणसं आपोआप ताठ उभी राहत. ड्रायव्हरकाकांनी पोटसुद्धा आत घेतलं.

"ही कागदाची फुलं का?" सर म्हणाले.

डॉक्टरांनी आपली सुरी घाईघाईने खिशात टाकली.

"हत्याराचा खेळ? माझ्या हॉलमध्ये? आणि माझ्या मुलीच्या हातात?" आवाज चढला नव्हता, म्हणूनच सगळ्यांना घाम फुटला. "पुढच्या रविवारपासून हॉल मिळणार नाही. सामान उचला."

हॉल जाणार म्हणजे रविवार जाणार, आणि रविवार गेला की हा गेला. तेव्हा तिला लख्ख कळलं, आपल्याला हा हवाय. सुरी, मेळावा, भरपाई सगळं राहू दे बाजूला, हा हवाय.

"सर, चूक माझी आहे. त्यांना मीच शिकवत होतो." तो पुढे झाला. पट्टी बांधलेला हात त्याने पाठीमागे घेतला.

"तुमचा पट्टा कुठला?"

"एकही नाही, सर."

"काय शिकलात?"

"मारामारीतलं काहीच नाही."

सरांनी कोपऱ्यातली सरावाची लाकडी सुरी उचलली आणि त्याच्या छातीवर रोखली. अशी सुरी रोखून एकच प्रश्न ते काळ्या पट्ट्याच्या परीक्षेत प्रत्येकाला विचारत. तिलाही विचारला होता. तिने मनगट धरायचे तीन प्रकार घडाघडा सांगितले होते आणि सरांनी मान हलवली होती, मग कसला तरी उसासा सोडला होता.

"माणूस असा सुरी घेऊन अंगावर आला. काय कराल?"

"पळेन, सर."

"काय?"

"पळत सुटेन," तो घाबरतच म्हणाला. "जमेल तितक्या जोरात. खरं सांगतो, दुसरं काही येत नाही मला."

सरांनी लाकडी सुरी हळूहळू खाली घेतली.

"तीस वर्षं," ते म्हणाले, "तीस वर्षं मी हे उत्तर ऐकायला बसलोय! एकेक पठ्ठ्या येतो आणि मला लाथा सांगतो, पकडी सांगतो. ही माझी लेकसुद्धा!" आणि सर हसायला लागले. असे हसले की डॉक्टरांना खुर्ची आणावी लागली. डोळे पुसत ते म्हणाले, "बसा रे सगळे. दाखवा काय खेळ आहे तो. बोथट असेल तरच, आणि पोरं वर्गात असताना नाही."

खेळ दाखवून झाला. मंडळी पांगली. सर मावशींना तलवारबाजीबद्दल खोदून खोदून विचारत बसले. ही दोघं जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन थांबली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "बाबा दारात आले तेव्हा तू किती घाबरला होतास. तेव्हाच का नाही पळालास?"

"पळणारच होतो." तो जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिला. "पण... एकट्याने पळायचं नव्हतं. तुझा हात धरला तर तू येशील का, हे विचारायचं राहिलं होतं."

"मग विचार की."

"भीती वाटते. नाही म्हणालीस तर... आणि मनगट एकच शाबूत आहे माझं."

"विचार म्हणते ना!"

"येशील?"

तिने त्याचा शाबूत हात घट्ट धरला. "मला तू आवडतोस. पहिल्या रविवारपासून आवडतोस. चल!" ती म्हणाली, आणि दोन दोन पायऱ्या गाळत दोघं जिना उतरू लागली. वरून सरांचा आवाज आला, "अरे, मागे कोण लागलंय तुमच्या?"

"कुणी नाही, बाबा!" ती ओरडली, आणि दोघं आणखी जोरात पळाली.