भानुमतीची नखं

मे महिन्यातली दुपार होती. पुंडलिकनं मुर्दाघरात बर्फाची लादी लावली, वर लाकडाचा भुसा पसरला आणि नेहमीसारखे मेलेल्या बाईचे हात कार्बोलिकच्या साबणानं धुतले. वरून नर्मदेचं पाणी घातलं. कोणी मळक्या हातांनी वर जाऊ नये, एवढंच त्याला कळायचं. तीस वर्षं धूत होता, कोणी हटकलं नव्हतं.

"काहून धुतले?" पोलिसांच्या प्रयोगशाळेतल्या हेमलताबाई दारातच ओरडल्या. "पुंडलिकभाऊ, भानुमतीचा गळा दाबलाय. मारणाऱ्याचं काही सापडलं असतं तर तिच्या नखांत!"

"सगळ्यांचेच धुतो जी..."

"चलो, सुटला मग तिचा नवरा!"

नवरा दिवाकर, बड्या फुहाऱ्याच्या बाजारातला कापडवाला. चोर शिरले म्हणे. दाराची कडी मात्र साबूत. ठाण्यातल्या दरोगानं त्याचा सदरा उतरवून पाहिला, अंगावर ओरखडा नव्हता. उद्या दुपारी तो प्रेत नेणार, जाळणार, की खेळ खलास.

पुंडलिकनं भिंतीवर डोकं आपटलं. भानुमतीचे तळवे उघडे ठेवले, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवशी दिवाकर आला. एवढ्या उन्हात गळ्याभोवती टॉवेल. त्याला बाकावर बसवून पुंडलिक आत शिरला. खिडक्या बंद, अंधार. बर्फ ठिबकत होता. ओल्या भुशाचा वास. आणि कुठंतरी... खर्र... खर्र... फरशीवर नखं घासल्यासारखं.

"कोण आहे बे?"

आवाज थांबला.

त्यानं चादर सारली. उजव्या हाताची मूठ वळलेली होती. बोटं उघडली, तर नखांखाली रक्त. ओलं.

त्यानं हाक मारली तशा हेमलताबाई धावत आल्या, ते कागदात खरवडून घेतलं.

"बाई, मी तर नीट धुतले होते..."

"बोलू नका... आता बोलू नका."

बाहेर येऊन त्यांनी दिवाकरचा टॉवेल ओढला. मानेवर चार ताजे ओरखडे.

"रात्री झोपेत..." दिवाकर पुटपुटला. "दार आतून बंद होतं हो... ती कशी आली?" मग रडत रडत सगळं कबूल केलं.

पुंडलिकनं भानुमतीचे हात पुन्हा धुतले. या खेपेला बोटं अलगद उघडली. त्या दिवशी तो पोटभर जेवला, ढाराढूर झोपला. आजही सुखात आहे म्हातारा. आधी बाईंना विचारतो, मग हात धुतो.

दिवाकर तुरुंगात आहे. त्याच्या मानेवरचे ओरखडे काही वाळत नाहीत, एवढं कानावर येतं.

पुंडलिक रोज संध्याकाळी साबणाची वडी पुसून, कोरडी करून मुर्दाघराला कुलूप लावतो. सकाळी ती ओली असते.