पूर्वेला, बारा मीटर

समुद्राच्या तळाशी चौदा महिने राहिलेलं माझं यंत्र वर काढायचं, एवढ्याच कामासाठी आम्ही त्या सकाळी निघालो होतो. यंत्र म्हणजे थर्मासएवढी पोलादी नळी. प्रवाळाच्या खडकाला बोल्टांनी आवळलेली, दर दहा मिनिटांनी पाण्याचं तापमान टिपणारी. याआधी याच प्रवाळावर अशी दोन यंत्रं मी लावली होती आणि दोन्ही नाहीशी झाली होती. पहिल्या वेळी मी नशिबाला दोष दिला. दुसऱ्या वेळी बोटवाल्यांना. जागा त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक होती?

म्हणून या वेळी मी पक्कं ठरवलं होतं. दादाला, माझ्या थोरल्या भावाला, धक्क्यावर जातानाच बजावलं, "खरी जागा कुणाला सांगायची नाही."

"कप्तानाला तरी सांगशील ना?"

"त्याला तर मुळीच नाही."

दादाने वीस वर्षं बंदराच्या भिंती पाण्याखाली जाऊन दुरुस्त केल्या होत्या. तो चालता चालता थांबला. "हे बरं नाही. खाली जाणाऱ्याने वर बसलेल्याला फसवू नये."

"दोनदा मी फसलेय, दादा. तू नाहीस."

त्याने मान हलवली आणि पुन्हा चालू लागला. लहानपणापासून तो माझ्यापुढे असाच हरत आला आहे.

धक्क्यावर नेहमीचा कप्तान नव्हताच! त्याच्या जागी एक सुकट, करड्या मिशांचा माणूस दोर गुंडाळत उभा होता. "त्याची कंबर धरलीय. मी त्याचा साडू," तो म्हणाला. "आणि ही माझी बायको. पाण्यावर नजर ठेवायचं काम हिचं." बायको सुकाणूजवळ बसून दुर्बिणीची काच पदराने पुसत होती. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि पुन्हा काच पुसायला लागली.

मला हा बदल मुळीच आवडला नाही. आजच नेमकी कंबर कशी धरली? या नव्या कप्तानाचे हात बारीक थरथरत होते. सकाळी साडेसातला! मी मुद्दाम जवळ जाऊन दारूचा वास येतो का पाहिलं. डिझेलखेरीज कसला वास आला नाही, पण मन मानेना.

बोट निघाली. किनारा मागे पडला, पाण्याचा मातकट रंग जाऊन हिरवा आला आणि हिरव्याचा गडद निळा झाला. एरवी मी या प्रवासात डोळे भरून समुद्र बघते. त्या दिवशी मी फक्त कप्तानाची पाठ बघत होते. तासाभरात त्याने मला तीनदा एकच प्रश्न विचारला. "नक्की कुठल्या अंगाला उतरणार? किती खोल? किती वेळ?" तिन्ही वेळा मी उडवाउडवीची उत्तरं दिली. मग तो वायरलेसपाशी गेला. इंजिनाच्या आवाजातही मला काही शब्द ऐकू आले.

"हो, दोघंच. नाही, नक्की जागा अजून सांगत नाहीत. कळली की कळवतो."

मी कान टवकारले. कुणाला कळवणार हा? मी दादाला कोपराने ढोसलं. तो शांतपणे मास्क धूत राहिला.

प्रवाळाच्या पाठीवर नांगर पडला. उत्तरेला समुद्रातून वर आलेले काळे सुळके दिसत होते, त्यांच्यावर लाटा फुटत होत्या. कप्तानाने पाणबुड्यांचा लाल झेंडा चढवला आणि चौथ्यांदा तेच विचारलं. आता उत्तर देणं भाग होतं.

"पूर्वेला," मी म्हणाले. "बारा मीटर. तीस मिनिटं."

खरं तर यंत्र पश्चिमेला होतं, बावीस मीटरवर. दादाने माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली.

कप्तानाने वहीत लिहून घेतलं आणि मग लांबलचक सूचना सुरू केल्या. बोटीची शिडी, लोखंडी गज, ठोके, असलं काहीतरी. माझं अर्धं लक्ष त्याच्या थरथरत्या बोटांकडे होतं, अर्धं पाण्याकडे. "कळलं का बाई?" त्याने विचारलं. "कळलं," म्हणून मी पाण्यात उडी टाकली.

आम्ही आधी पूर्वेला निघाल्यासारखं केलं. दहा मीटर खाली जाताच बोटीच्या पोटाखालून वळून पश्चिमेचा उतार धरला. पाणी स्वच्छ होतं. खडकाच्या कडेला पंख्यासारखी जांभळी प्रवाळं डुलत होती, एक कासव आमची दखलही न घेता निघून गेलं. आणि तिथे, घळीच्या तोंडाशी, माझं यंत्र होतं!

पण ते वाकडं झालं होतं. चारपैकी दोन बोल्ट गळून पडले होते. ज्या खडकात ते ठोकले होते तो खडकच लाटांच्या हिसक्यांनी भुसभुशीत झाला होता. बोट लावलं तर चुरा पडत होता. दादाने टॉर्च घळीत खाली मारला. सात-आठ मीटर खाली, फटीत अडकून, एक चेपलेली नळी चकाकत होती. तिच्यावरचा लाल पट्टा मी स्वतःच्या हाताने रंगवला होता.

माझं दुसरं यंत्र! चोरलं कुणीच नव्हतं. समुद्रानेच उपटून खाली टाकलं होतं.

मी उगाच बोटवाल्यांवर आळ घेतला होता. तरी कामाची घाई होती. उरलेले बोल्ट काढले, यंत्राला दोर बांधला, दोराच्या वरच्या टोकाला पिवळी पिशवी लावून तिच्यात हवा भरली. पिशवी फुगली आणि यंत्र अलगद उचललं गेलं. मी मधला दोर मनगटाला एक वेढा देऊन धरला. ही चूक होती. मला ते माहीतही होतं. पण तिसरं यंत्र मला हातातून सुटू द्यायचं नव्हतं.

आम्ही हळूहळू वर येत होतो तेव्हा आवाज आला. ठण्! ठण्! ठण्! लोखंडावर लोखंड. दादाने लगेच हाताचा पंजा दाखवला. थांब!

कशाला थांबू? वर काय चाललंय? तो आम्हाला खाली ठेवून निघून तर जात नाही? चोरी झाली नव्हती हे डोळ्यांनी पाहूनही संशय गेला नव्हता. संशयाने फक्त जागा बदलली होती. दादाचा पंजा न जुमानता मी वर सरकले. नऊ मीटर. सात. पाच.

आणि इंजिन सुरू झालं.

पाण्याखाली आवाजाला दिशा नसते. तो चहूकडून येतो, छातीत घुमतो. घरघर वाढत गेली. मी वर पाहिलं. बोटीचं काळं पोट आमच्याच दिशेने सरकत येत होतं आणि त्याच्या मागे पंखा पाण्याचा पांढरा फेस करत होता!

पिशवी माझ्या वर, जेमतेम हातभर पाण्याखाली होती. पंख्याने ती ओढली. दोर ताठ झाला. मनगट हिसकलं गेलं आणि मी वर खेचली जाऊ लागले. चार मीटर. तीन! मी ओरडले, तोंडातून फक्त बुडबुडे निघाले. तेवढ्यात दादाने माझा पाय पकडला, दुसऱ्या हातात सुरी. माझ्या अंगाला धरत तो वर चढला आणि मनगटाच्या वर दोर कापायला लागला. एक, दोन, तिसऱ्या फटक्याला दोर तुटला.

आता यंत्राचं वजन मला खाली ओढायला लागलं. वेढा आवळत गेला, बोटं बधिर झाली. चौदा महिने! मी दोराकडे पाहिलं, दादाच्या मास्कमागच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि वेढा सोडवला. यंत्र गिरक्या घेत घळीच्या अंधारात गेलं.

वर इंजिन गप्प झालं होतं. आम्ही बोटीपासून लांब जाऊन पाण्यावर डोकं काढलं.

"दिसले! दोघंही आहेत!" बायको किंचाळली. कप्तानाचा चेहरा राखेसारखा झाला होता. "पश्चिमेला कसे काय तुम्ही? पूर्वेला म्हणाला होतात ना!"

शिडी चढताना सगळा प्रकार कळला. वारा अचानक फिरला होता, नांगर धरेना, बोट सुळक्यांकडे ढकलली जात होती. त्याने गजाने तीन ठोके दिले. लांब राहा, वर येऊ नका, असा त्याचा अर्थ त्याने आधीच सांगून ठेवला होता. तीन मिनिटं वाट पाहिली. बायको दुर्बीण लावून पूर्वेकडे बुडबुडे शोधत होती. मग आमच्यापासून दूर म्हणून त्याने अगदी हळू बोट पश्चिमेला काढली. बरोबर आमच्या डोक्यावर! पंख्याला हिसका बसताच त्याने इंजिन बंद केलं.

मी काही बोलणार तोच बोट लाटेने फिरली. दोराचा गुंडा पंख्यात अडकला होता. इंजिन चालवता येत नव्हतं आणि सुळके शंभर हातांवर आले होते!

बायकोने दुसरा, छोटा नांगर टाकला. तो फरफटत गेला. दादा आणि कप्तान मोठ्या नांगराच्या दोराला लटकले.

"कुणीतरी खाली जाऊन तो दोर कापायला हवा," दादा म्हणाला. "मी जातो."

"तू नांगराचा दोर सोडलास तर बोट जाईल," मी म्हणाले. "पंख्यातला दोर माझा आहे. मी जाते."

बोलले खरी, पण पाय हलेनात. ज्या पंख्याने आत्ताच मला ओढलं होतं त्याच्या पात्यांत हात घालायचा होता, आणि वर हा माणूस! कप्तानाने ते ओळखलं असावं. त्याने दोराला कमरेचा आधार दिला, एका हाताने खिशातली इंजिनाची किल्ली काढून माझ्याकडे फेकली.

"ही गळ्यात घाला आणि उतरा. तुम्ही वर येऊन देईपर्यंत इंजिन कुणीही सुरू करू शकत नाही. मीसुद्धा नाही."

मी उतरले. बोट वरखाली आपटत होती, पंख्याचं पातं एकदा खांद्याला लागलं. दोर पात्यांच्या मुळाशी दगडासारखा घट्ट बसला होता. कापला. पुन्हा कापला. पिवळ्या पिशवीच्या चिंध्या उपसून काढल्या. सुळक्यांवर फुटणाऱ्या लाटांचा धडधडाट अंगातून जात होता. शेवटचा वेढा निघाला!

वर आले तेव्हा सुळके वीस हातांवर होते. मी किल्ली दिली. कप्तानाने आधी बोटीवरची माणसं मोठ्याने मोजली, "एक, दोन, तीन, चार," आणि मगच इंजिन सुरू केलं. बोट थरथरली, जागेवर अडली, आणि मग इंचाइंचाने वाऱ्याच्या तोंडाशी चढत बाहेर निघाली.

खोल पाण्यात आल्यावर तो माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही. "बाई, माझ्यावर संशय घ्या, खुशाल घ्या. हात थरथरतात म्हणून अर्धं बंदर घेतं; तपासणी करून दरवर्षी परवाना मिळतो, तोही दाखवला असता. पण मला आकडा खोटा सांगू नका. वर बसलेल्या माणसाला दुसरे डोळे नसतात."



संध्याकाळी बंदर कार्यालयात आम्ही चौघं लाकडी बाकावर बसलो होतो. पाणबुडे खाली असताना इंजिन चालवलं, म्हणजे चौकशी आलीच. अधिकाऱ्याने नोंदवही उघडून वाचलं, "सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. कप्तानाने वायरलेसवर कळवलं : दोन पाणबुडे, पूर्वेला, बारा मीटर, तीस मिनिटं." सकाळी हा कुणाशी बोलत होता ते तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

"मग अपघात पश्चिमेला कसा?" अधिकाऱ्याने विचारलं. "चूक कुणाची?"

"इंजिन मी चालवलं," कप्तान म्हणाला. तो आणखी काही बोलेल, माझ्याकडे बोट दाखवेल, म्हणून मी वाट पाहिली. तो गप्प राहिला. त्याचा परवाना टेबलावर पडला होता आणि अधिकाऱ्याचा हात त्याच्याकडे निघाला होता.

मी उभी राहिले. "साहेब, जागा मी खोटी सांगितली होती. जाणूनबुजून. ठोक्यांच्या सूचनाही ऐकल्या नाहीत. लिहून द्यायला तयार आहे."

लिहून दिलं. परवाना कप्तानाला परत मिळाला. माझी तळाशी उतरायची परवानगी एक वर्षासाठी रद्द झाली. चौदा महिन्यांचं काम घळीत पडलं होतं आणि तिथे पोचायची वाट मीच बंद करून घेतली होती. तरी पायऱ्या उतरताना छातीवरचा दगड निघाल्यासारखं वाटलं.

खाली दोघं नवरा-बायको थांबले होते. मी धीर करून विचारलं, "वर्षाने मला न्याल का? त्याच जागी?"

कप्तानाने बायकोकडे पाहिलं. तिने मला पुन्हा एकदा पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"नेऊ की," ती म्हणाली. "पण कुठे उतरणार ते तुमच्या दादांना विचारू. तुम्हाला नाही."

दादा मोठ्याने हसला. मला हसू आलं नाही. ती चेष्टा करत नव्हती, आणि तिचं चुकतही नव्हतं.