कुरतडलेली पानं

जपानातल्या कानाझावात मुलीचं लग्न ठरलं की माहेरी आधी पडद्याची घाई उडते. रेशमी कापडावर माहेरचं कुलचिन्ह आणि झाडंफुलं रंगवायची, लग्नाच्या दिवशी तो पडदा सासरच्या देवघराच्या दाराला लावायचा, आणि नवरीनं त्याच्याखालून आत जाऊन त्या घरच्या पितरांना नमस्कार करायचा. सायोचं लग्न नानाओ गावच्या सोया-सॉसवाल्यांकडे ठरलं, तेव्हा तिची मावशी नुई कापड धुवायचा दिवस ठरवायला आसानो नदीवर गेली. रंगाऱ्यांची कापडं धुऊन देणारा म्हातारा गेंजिरो गुडघाभर पाण्यात उभा राहून कुणाचंसं कापड प्रवाहात खेळवत होता.

"काय काढणारेस पोरीच्या पडद्यावर?"

"चेरीची पानं. शरदातली."

"मग किड्यांची चंगळ आहे म्हण की!"

"एकही पान कुरतडलेलं काढणार नाही मी," नुई तुटकपणे म्हणाली.

"अगं, कुरतडलं नाही तर आपल्या गावचं पान कसलं ते? दुकानातल्या कागदी फुलासारखं दिसेल. आणि रंगाऱ्याच्या घरची लेक ना ती? लोक हसतील."

म्हातारा खोटं बोलत नव्हता. पान रंगवायचं आणि त्याच्या कडेला किड्यानं खाल्लेली जागा दाखवायची, ही कानाझावाच्या रंगाऱ्यांची खूण. आणि त्या कामात फुकीचा हात धरणारं कुणी नव्हतं. फुकी म्हणजे नुईची धाकटी बहीण, सायोची आई. लहानपणी दोघी नदीकाठी पडलेली पानं वेचायच्या. नुई धड पानं उचलायची, फुकी मात्र भोकाभोकांची. एखादं पान डोळ्याला लावून म्हणायची, "ताई, ह्यातून तू फार सुंदर दिसतेस. नाक तेवढं दिसत नाही!" पुढे दोघी एकाच कापडाला बसायला लागल्या. नुई पान काढायची, फुकी त्याला कुरतडायची. ब्रशचं टोक ओठांनी चोखून अणकुचीदार करायची सवय होती तिला, त्यामुळे ओठ सदा हिरवे नाहीतर तपकिरी. काय दिवस होते ते! दारावरून जाणारा रताळेवाला थांबून त्यांची भांडणं ऐकत बसायचा.

मग फुकीला क्षय झाला. डॉक्टरांनी सांगितलं, छाती आतून खाल्ली गेलीय. ती गेल्यावर नुईनं भोकाचं पान कधी काढलं नाही. आईवेगळ्या सायोला तिनं तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. तिच्या पडद्यावर ती असं पान काढणं शक्यच नव्हतं.

बर्फ पडू लागलं तसं काम सुरू झालं. बांबूच्या काड्यांवर ताणलेलं रेशीम, रंग सुकवायला खाली निखाऱ्यांची शेगडी. पहिली फांदी भरली आणि त्याच दिवशी सायोला कोरडा खोकला लागला.

"शेगडीचा धूर गं, मावशी. तू लगेच तोंड पाडू नकोस. नवरीपेक्षा तूच जास्त रडणार आहेस त्या दिवशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी नुई कापडापाशी आली. वरच्या पानाची कड कुरतडलेली होती. पिवळट डाग, भोवती बारीक तपकिरी रेघ. बोट लावलं तर रंग ओला.

"सायो, ब्रशला हात लावलास?"

"मी? मला सरळ रेघ येत नाही, मावशी."

नुईनं गडद रंग देऊन तो डाग झाकला. संध्याकाळपर्यंत शेजारची पानं कुरतडलेली. तीही तिनं झाकली. सायोचा खोकला वाढत गेला. एकदा खोकून झाल्यावर तिनं रुमाल घाईघाईनं मुठीत लपवला. अशीच मूठ नुईनं फुकीची पाहिली होती.

सगळं झाड भरून झालं त्या दिवशी दिवेलागणीला सायो आतल्या खोलीत झोपली होती. नुई एकटीच कापडापाशी बसली. निखारे विझत आले होते. बाहेर बर्फामुळे सगळा आवाज मेलेला. खोलीत ओल्या पानांचा वास येत होता, आणि त्यात मिसळलेला कापराचा… फुकीच्या छातीला चोळायचे तो कापूर. मग आवाज आला. अगदी बारीक.

कुर… कुर… कुर…

मध्येच थांबे. मग ओठांनी काहीतरी चोखल्यासारखं, हलकंच. आणि पुन्हा कुर… कुर…

नुई उठली नाही. शेवटच्या आजारपणात फुकी उशीला टेकून पानं कुरतडत बसायची. ब्रश काढून घ्यायला गेलं की म्हणायची, "थांब ताई. त्याचं पोट कापडावर भरू दे. कापडावर भरलं की ते घरात शिरत नाही." तेव्हा सगळ्यांना वाटलं, तापात बरळतेय.

"फुके…" नुई कापडाकडे वळून म्हणाली. "खाऊ दे त्याला. हवं तेवढं खाऊ दे. पण पोरगी… पोरगी सोडायला सांग."

शेगडीतला निखारा विझला. तिच्या गालाला कुणीतरी पालथ्या हातानं स्पर्श केल्यासारखं झालं. तो हात गार होता, पण ओळखीचा होता. नुई ओक्साबोक्शी रडली.

सकाळी निम्मं झाड कुरतडलेलं होतं. इतकं देखणं काम नुईनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिनं त्यावर ब्रश फिरवला नाही. त्या दिवशी सायो पोटभर जेवली, वर भात मागून घेतला, आणि खोकला कुठच्या कुठे गेला. रंग पक्का व्हायला कापड वाफवून झालं, गेंजिरोनं नदीत धुतलं. "शेवटी आलीस ना ताळ्यावर?" एवढंच तो म्हणाला.

लग्नाच्या दिवशी नानाओला पडदा लागला. सायो त्याच्याखालून वाकून आत गेली. गाल लालबुंद, श्वास मोकळा. नुईचे डोळे भरून आले. ह्या क्षणी फुकी असती तर, असं मनात आलं, आणि ती असेलच, असंही वाटलं.

नवऱ्या मुलाची आई तोकुबाई पडद्याशी नाक नेऊन उभ्या होत्या.

"काय हात आहे हो तुमचा, विहीणबाई! आणि ही अळी तर अगदी जिवंत."

"अळी?"

"ही काय. मघाशी मात्र ती वरच्या फांदीवर दिसली होती मला. वय झालं, दुसरं काय!"

नुईनं अळी काढली नव्हती. ती जवळ गेली. घरून निघताना वरची निम्मी पानं कुरतडलेली होती, खालच्या फांद्या धड होत्या. आता खालीही जाळी झाली होती. काठापाशी थोडीच पानं उरली होती, आणि त्याचं पोट अजून भरलं नव्हतं.

"विहीणबाई," ती कशीबशी म्हणाली, "रिवाज म्हणून पडदा लगेच पेटीत घालू नका. मला परत द्या. आणखी पानं काढायची राहिलीत."

"इश्श! अख्खं झाड तर काढलंय. आणखी पानं कुणाला हवीत?"

आत सायो पितरांपुढे वाकली होती. नुईनं खाली पाहिलं. काठाजवळच्या एका कोवळ्या पानाची कड, तिच्या डोळ्यांदेखत, आत सरकत होती.