अकरावा घोडा

माझ्या पर्सचा पट्टा तुटला नसता, तर आमची गाठ पडलीच नसती.

बाजाराच्या मागच्या गल्लीत चामड्याच्या वस्तू शिवून देणाऱ्या काकांचं अरुंद दुकान आहे. तिथल्या स्टुलावर बसून मी ताईशी फोनवर बोलत होते. माझी ही थोरली बहीण आणि मी मिळून सहलींचं ऑफिस चालवतो. ती माणसं जमवते, मी टेबलाशी बसून आखणी करते. त्या दिवशी तिनं नवंच काम आणलं होतं. इस्पितळात काम करणाऱ्या नऊ जणांना घोड्यावरून तीन दिवस भटकायचं होतं.

"अगं, त्यात अवघड काय?" मी म्हणत होते. "नऊ माणसं, नऊ घोडे. बसायचं आणि निघायचं."

शेजारी कुणीतरी हसलं. अगदी हळू, पण हसलं.

मी वळून पाहिलं. मांडीवर जुनं खोगीर घेऊन एकजण बसला होता. उन्हानं रापलेली मान, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या... आणि उसवलेल्या शिवणीवरून त्याची बोटं इतकी जपून फिरत होती, की माझा राग तिथंच अर्धा झाला.

"हसायला काय झालं?"

"माफ करा," तो म्हणाला. "पण घोडं नेमकं कुठं पेंड खातंय, ते तुम्हाला अजून दिसलेलं नाही."

"कुठं खातंय?"

"घोडे नऊ मिळतील हो. ती नऊ माणसं सारखी नसतात – तिथं."

काकांनी सुईतून दोरा ओढता ओढता ओळख करून दिली. शहराबाहेर याचा तबेला आहे, हा मोठ्या माणसांना घोड्यावर बसायला शिकवतो, आणि सगळे याला मास्तर म्हणतात. मी पत्ता लिहून घेतला. कामासाठीच. पट्टा मात्र तिथंच विसरले, तो आणायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं.

आठवड्याभरानं नऊ जणांचे फॉर्म घेऊन मी तबेल्यावर पोचले. वय, उंची, वजन, घोडेस्वारीचा अनुभव. ओट्यावर बसून त्यानं एकेक कागद वाचला, आणि ते हसू पुन्हा ओठांच्या कोपऱ्यात आलं.

"आता काय?"

"वजन सगळ्यांनी कमी लिहिलंय आणि अनुभव जास्त."

"मग खरं कसं कळणार?"

"विचारून तर कळणार नाहीच. रविवारी सगळ्यांना इकडे घेऊन या."

रविवारी नऊच्या नऊ जण आले. सर्जनबाई आणि त्यांचे डॉक्टर यजमान स्वतःचे बूट घालून आले; दोघं कॉलेजपासून घोडा पळवत होते. प्रयोगशाळेतल्या चौघींनी घोडा फक्त चित्रात पाहिला होता. एक क्लार्क होते, ते लांबूनच सगळ्यांचे फोटो काढत होते. औषधांच्या खिडकीवर बसणारे, सगळे ज्यांना औषधवाले म्हणत, ते चांगले दांडगे गृहस्थ सारखे मागे मागे राहत होते. आणि होत्या मेट्रनबाई. दोन महिन्यांनी निवृत्त होणार होत्या. घोड्यावर बसायचं हे त्यांनी सातव्या वर्षी ठरवलं होतं, आणि मग पन्नास वर्षं वेळ मिळाला नव्हता.

मास्तरनं कुणाला एक प्रश्न विचारला नाही. "घोड्याला पाण्याच्या हौदापर्यंत नेऊन परत आणा," एवढंच प्रत्येकाला सांगितलं आणि कुंपणाला टेकून पाहत राहिला. कोण लगाम घट्ट आवळतं, कोण श्वास रोखतं, कोण घोड्याशी बोलतं... त्यानं काही लिहून घेतलं नाही. मी मात्र लिहीत होते. वहीच्या पानावर त्याची नजर, त्याचं थांबणं, हेच जास्त उतरलं होतं.

मग तो औषधवाल्यांना म्हणाला, "चाऱ्याचा काटा बरोबर आहे का बघायचंय. जरा येता?" कोठीच्या दारातून मला दिसलं – आधी तो स्वतः काट्यावर चढला, आकडा मोठ्यानं वाचला, स्वतःच्या वजनावर हसला, आणि मग त्यांना चढायची खूण करून पाठ वळवली. बाहेर आल्यावर त्यानं तबेल्यातला सर्वांत उंच काळा घोडा त्यांच्यापुढे आणला.

"याला भारदस्त माणूस लागतो. हलक्याफुलक्याला हा जुमानत नाही."

औषधवाल्यांची छाती दोन बोटं पुढे आली. एवढ्या धिप्पाड माणसाचा मान इतक्या अलगद राखणारा कुणी मी आजवर पाहिला नव्हता.

"पट्टा आणायला किती वेळा जाणार आहेस?" ताईनं संध्याकाळी विचारलं.

"कामाला गेले होते."

"गालावर गवत लागलंय कामाचं."

मी आखणी करायला बसले. माझ्या मते ती बिनचूक होती. घोड्यावर बसता येणारे ते 'अ' गट, न येणारे ते 'ब' गट. वेगळे रस्ते, वेगळ्या वेळा, जेवण तेवढं एकत्र. कागद सगळ्यांना पाठवला, आणि दुसऱ्याच दिवशी मेट्रनबाईंनी नाव काढून घेतलं. 'माझ्यामुळे कुणाचा खोळंबा नको,' अशी एकच ओळ. त्यांच्यापाठोपाठ प्रयोगशाळेतल्या दोघी डळमळल्या. मग सगळ्यांना एकत्रच नेऊ म्हटलं, तर इकडे सर्जनबाई म्हणायला लागल्या, आम्ही काय मुंगीच्या चालीनं जायचं की काय.

कागद घेऊन मी तबेल्यावर गेले. मास्तरनं तो वाचला. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही कधी बसलात घोड्यावर?"

"...नाही."

"एकदाही?"

"भीती वाटते मला," मी म्हणाले. हे मी ताईलासुद्धा सांगितलं नव्हतं. "मी आखलेल्या सहलींना मी कधी जातच नाही."

"म्हणजे उंटावरून शेळ्या हाकताय." आवाज इतका मऊ होता, की टोचलं नाही. "चला. आज घोड्यावरून आखू."

त्याच्याकडे एक म्हातारी पांढरी घोडी होती. तिला सगळे बाईसाहेब म्हणत, आणि मास्तर तिला अहोजाहो करी. "बाईसाहेब, जरा सांभाळून घ्या," त्यानं तिच्या कानाशी सांगितलं, आणि मला चढायला हाताची ओंजळ पुढे केली.

"मी पडले तर?"

"मी खाली आहेच."

"असं सगळ्यांनाच सांगता?"

"सांगतो सगळ्यांना." त्यानं रिकिबीत माझा पाय नीट बसवला. "तीन तास सगळ्यांबरोबर चालत नाही."

मी लगाम आणखी घट्ट धरला.

पहिल्या दिवसाची सकाळची अख्खी वाट आम्ही केली, मी घोडीवर, तो पायी. लगाम सोडायचा धीर मला होत नव्हता, म्हणून मी सांगत होते आणि तो चालता चालता लिहीत होता. चाळीस मिनिटांनी गुडघे धरतात – तिथं थांबायचं. थांबण्याच्या जागी चढायला दगड हवा, नाहीतर खाली उतरलेला माणूस लाजेनं परत चढत नाही. ओढ्याकडे उतरणारी पाऊलवाट आली, तेव्हा मी चक्क ओरडले.

"हे पण लिहू?" त्यानं विचारलं.

"लिहा. सगळे ओरडतील."

परत आलो तेव्हा आखणी बदलली होती. गट नव्हतेच. सकाळी सगळे एकत्र, सावकाश. दुपारी ज्यांना पळवायचंय त्यांना मास्तरच्या वहिनी टेकडीला वळसा घालून दौडत नेतील, बाकीचे सरळ वाटेनं जातील, आणि तळ्यावर दोन्हीकडचे एकाच वेळी पोचतील. त्या वहिनी तबेल्यातल्या सर्वांत पटाईत स्वार होत्या, आणि मला उतरवून घेताना दिराकडे बघून नुसत्याच भुवया उंचावत होत्या.

सर्जनबाईंना मास्तरनं स्वतः फोन केला. "घोडा पळवणं काय, येतं लोकांना," तो म्हणाला. "घाबरलेल्या माणसाशेजारी आपला घोडा शांत ठेवून उतरणं फार थोड्यांना जमतं. मला उतारावर तशी दोन माणसं हवीत." यावर त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, पण फोन ठेवताना तो हसत होता.

मेट्रनबाईंकडे मी गेले. वॉर्डशेजारच्या छोट्या खोलीत त्या कपाटांच्या किल्ल्यांना नावाच्या चिठ्ठ्या लावत होत्या.

"बाळ, मी पस्तीस वर्षं पडलेली माणसं उभी केली," त्या म्हणाल्या. "आता कुणाच्या वाटेतली धोंड व्हायचं माझ्या जिवावर येतं."

"ते अ आणि ब मी केलं होतं. घोड्यावर कधी न बसता केलं होतं."

"आणि आता बसलीस?"

"बसले. उतारावर ओरडले."

त्या चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिल्या. "मग तूही चल. तुझ्याइतकी भित्री कुणी सोबत असेल, तर येते मी."

हे मास्तरला सांगताना माझी पंचाईत झाली. तबेल्यात अकरा घोडे. नऊ पाहुण्यांचे, एक वहिनींचा.

"उरला अकरावा," तो म्हणाला. "माझा. तो तुम्ही घ्या."

"आणि तुम्ही?"

"मी चालेन. वाट माझ्या पायाखालची आहे."

"तीन दिवस?"

"तीनच आहेत," तो म्हणाला, आणि घोड्याचा पाय उचलून नालाकडे बघू लागला... नालाला काहीही झालेलं नव्हतं.

आम्ही निघालो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. ओढ्याच्या उतारावर बाईसाहेबांवर बसलेल्या मेट्रनबाई पांढऱ्याफटक पडल्या, आणि सर्जनबाईंनी आपला तगडा घोडा त्या घोडीच्या अगदी खांद्याला लावला. ऑपरेशनच्या वेळी बोलतात तशा आवाजात त्या एकेक पाऊल सांगत राहिल्या. "टाच खाली, सिस्टर. समोर बघा. झालं." दुपारी त्याच बाई वहिनींच्या मागे वाऱ्यासारख्या दौडत टेकडीआड गेल्या, आणि तळ्यावर आमच्या पुढे दोनच मिनिटं पोचल्या. औषधवाले काळ्या घोड्यावरून पुढे होऊन झाडांच्या फांद्या सगळ्यांसाठी बाजूला धरत. मास्तर रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होता, आणि ज्याच्याजवळ जाई त्याचा पाठीचा कणा आपोआप सरळ होई. माझाही.

तिसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या सपाट वाळूवर मेट्रनबाई म्हणाल्या, "मास्तर, जरा जोरात जाऊन बघू?"

बाईसाहेब दुडक्या चालीनं निघाल्या. सुरुवातीला मेट्रनबाई खोगिरात पोत्यासारख्या आपटल्या, मग कुठंतरी ताल सापडला. अंबाडा सुटला, चष्मा नाकावर घसरला, आणि त्या अशा खदखदून हसल्या, की प्रयोगशाळेतल्या मुलीही हसता हसता डोळे पुसायला लागल्या. वाळूच्या टोकापर्यंत गेल्या आणि स्वतः घोडी वळवून परत आल्या.

मी मास्तरकडे पाहिलं. तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. फार वेळ लागत होता त्याला.

बाकीचे चहाकडे गेले. मी घोड्यावर, तो लगाम धरून शेजारी... काठाकाठानं आम्ही मागे राहिलो.

"मला एक सांगायचंय," मी म्हणाले. "सहलीचं नाही."

"बोला."

"तुमच्याजवळ आलेलं माणूस स्वतःला कमी समजत नाही. मी इतके दिवस बघतेय. मला... मला तुम्ही आवडता. खूप."

तो थांबला. पाण्याकडे बघत म्हणाला, "पुन्हा म्हणाल? घोडा फुरफुरला, नीट ऐकू आलं नाही."

"घोडा गप्प उभा आहे."

"हो." त्याचे कान लाल झाले होते. "तरी पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हटलं. या वेळी न अडखळता.

"मला असं बोलता येत नाही," तो म्हणाला. "पण तीन दिवस चाललो, पाय दुखले नाहीत."

"खोटं. काल संध्याकाळी तुम्ही ओढ्यात पाय सोडून कण्हत होता."

"ते तुम्ही बघितलंत?"

"मी दुसरं काय बघत होते?"

त्यानं वर पाहिलं. इतकं सरळ, की माझीच नजर घोड्याच्या आयाळीत लपली. मग त्यानं हात पुढे केला, मी उतरले, आणि उतरल्यावरही आम्ही दोघांनी हात सोडला नाही. घोडा मागून आपला आपण येत राहिला.

चहाजवळून मेट्रनबाईंनी वळून पाहिलं. क्षणभर पाहिलं, आणि मग लगबगीनं सगळ्यांना पलीकडच्या डोंगरावरचं काहीतरी बोटानं दाखवायला सुरुवात केली.